ब्रॉन्सन अल्कॉट यांच्या शिक्षणविचाराची मुळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणाच्या इतिहासावर लिहिताना अमेरिकी शिक्षक आणि विचारवंत ब्रॉन्सन अल्कॉट (१७९९–१८८८) यांचं नाव आलं की वाचकांकडून ठरावीक प्रश्न येतातच. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हे अल्कॉट म्हणजे 'चौघीजणी'तल्या मुलींचे वडील का?

जवळजवळ. 'लिटल विमेन' (१८६८) लिहिणाऱ्या लुइसा मे अल्कॉटचे ते वडील. शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'मुळे हे घर मराठी वाचकांच्या ओळखीचं झालं. कादंबरीतले वडील बराच काळ युद्धावर असतात. खरे अल्कॉट मात्र मुलींच्या वाढीत फारच लक्ष घालत (प्रश्न १३ पाहा). शिक्षक म्हणून त्यांची ओळख करून घ्यायची तर लुइसाची 'लिटल मेन' (१८७१) वाचावी. तिच्यातली प्लमफील्डची शाळा वडिलांच्या विचारांवर बेतलेली आहे.

२. थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑलकॉट तेच ना?

नाही. कर्नल हेन्री स्टील ऑलकॉट हे वेगळे गृहस्थ. ते १८७९ मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्कींबरोबर मुंबईत उतरले. ब्रॉन्सन अल्कॉट भारतात कधीच आले नाहीत.

३. त्यांचा विचार थोडक्यात काय होता?

मूल जन्मतः कोरं नसतं आणि पापीही नसतं. सत्याची, चांगुलपणाची, ईश्वराची जाणीव त्याच्या आत आधीपासूनच असते. शिक्षकाने प्रश्न विचारून, बोलतं करून, ती जाणीव त्याची त्यालाच दिसू द्यायची. वर्गातल्या गप्पा, मुलांच्या डायऱ्या, छडी शक्यतो टाळणं, बाकांची मांडणी हे सगळं या एका समजुतीतून आलं. म्हणून त्यांची पद्धत समजून घ्यायची असेल तर आधी 'मूल म्हणजे कोण?' या प्रश्नावर त्यांचं कोणाशी भांडण होतं ते पाहावं (प्रश्न ६). ते भांडण बाजूला ठेवलं तर अल्कॉट केवळ एक प्रेमळ मास्तर उरतात आणि त्यांच्या शाळेवर बॉस्टन एवढं का खवळलं तेच कळत नाही.

४. फारसं शिक्षण न झालेल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे सुचलं कुठून?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. अल्कॉट यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण थेट प्लेटोपासून सुरुवात करतात आणि आधीची पंचवीस वर्षं गाळून टाकतात.

कनेटिकटमधल्या वोलकॉट गावाजवळ स्पिंडल हिल नावाच्या टेकडीवर त्यांचं घर. आई डायरी लिहायची. मुलगा स्वयंपाकघराच्या जमिनीवर कोळशाने अक्षरं गिरवायचा. गावच्या शाळेत पाठ नसलेली लांबलचक बाकडी, घोकंपट्टी आणि मार. पुढे पोरगेल्या वयात घड्याळाच्या कारखान्यात काम. त्या दिवसांत जॉन बन्यनचं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हाती लागलं आणि जन्मभर सुटलं नाही. माणसाचं आयुष्य म्हणजे आत्म्याची वाटचाल, ही कल्पना त्यांना तिथे मिळाली. पुढे शाळेतही ते हे पुस्तक मुलांना वाचून दाखवत.

१८१८ पासून पाच वर्षं ते दक्षिणेत, व्हर्जिनिया आणि कॅरोलायना भागात, फेरीवाले म्हणून फिरले. पत्र्याची भांडी, कंगवे, पंचांगं असा माल. धंद्यात कर्ज झालं, ते वडिलांवर पडलं. पण दोन गोष्टी पदरात पडल्या. मोठ्या जमीनदारांच्या घरातलं सुसंस्कृत संभाषण त्यांनी जवळून ऐकलं. आणि नॉर्थ कॅरोलायनात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक भेटले. प्रत्येक माणसाच्या आत दैवी प्रकाश असतो, तो ऐकायला पाद्री लागत नाही, ही क्वेकरांची श्रद्धा. 'प्रत्येक माणसा'त मूलही आलं, ही पुढची पायरी अल्कॉट यांची स्वतःची.

५. त्यांना 'अमेरिकेचे पेस्टालोझी' म्हणतात. पेस्टालोझींकडून नेमकं काय घेतलं?

वर्गातली कामाची रीत घेतली. स्विस शिक्षक योहान हाइनरिश पेस्टालोझी सांगत की मुलाने आधी वस्तू पाहावी, हाताळावी, मग शब्दाकडे आणि नियमाकडे जावं. आणि शाळेत घरासारखी माया असावी. १८२५ मध्ये अल्कॉट चेशायर या कनेटिकटमधल्या गावी मास्तर झाले तेव्हा त्यांनी बाकडी काढून प्रत्येक मुलाला पाठ टेकता येईल अशी वेगळी जागा दिली, पाट्या आणल्या, गणित शिकवायला घेवड्याच्या बिया आणि लाकडी ठोकळे वापरले, स्वतःच्या खर्चाने शंभरावर पुस्तकांचं ग्रंथालय केलं. गावाला हे मानवलं नाही. दोन वर्षांत पालकांनी मुलं काढून घेतली.

बॉस्टनला १८२८ मध्ये त्यांनी शिशुशाळा चालवली. तिच्यामागे रॉबर्ट ओवेन यांच्या स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या प्रयोगाचाही हात होता: गिरणी कामगारांची लहान मुलं, खेळ, गाणी, मार नाही.

फरकही आहे. पेस्टालोझी इंद्रियानुभवापासून सुरू करतात. अल्कॉट पुढे आत्म्यापासून सुरू करायला लागले. ते वळण प्रश्न ७ मध्ये पाहा.

६. यात धर्म कुठून आला? शाळेच्या पद्धतीवरून एवढं रण कशाला?

कारण न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या ईशान्य अमेरिकेत, शाळा आणि धर्म वेगळे नव्हतेच. प्युरिटन वसाहतकारांचा कॅल्व्हिनपंथी विश्वास असा की आदमच्या पापाचा वारसा प्रत्येक अर्भक घेऊन येतं. त्यामुळे मुलाची इच्छा मोडणं हे आईबापांचं कर्तव्य. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या 'न्यू इंग्लंड प्रायमर' या बाळबोध पुस्तकात पहिल्याच अक्षराची ओळ अशी होती की आदमच्या पतनात आपण सगळेच पापी झालो. अक्षरओळखीच्या पहिल्या दिवशी मुलाला हे कळायचं. त्या वर्गातली छडी शिस्तीसाठी होतीच, पण तिला तारणाचंही काम होतं.

याला पहिलं मोठं आव्हान युनिटेरियन पंथाने दिलं. विल्यम एलरी चॅनिंग यांनी १८१९ च्या बाल्टिमोरमधल्या प्रवचनात आदिपापाची कल्पना उघडपणे नाकारली. माणूस सुधारू शकतो, त्याच्यात ईश्वराचं साम्य आहे, असं हा पंथ मानायचा. अल्कॉट यांची पत्नी अ‍ॅबिगेल मे हिचा भाऊ सॅम्युएल मे हाही युनिटेरियन धर्मोपदेशक.

लेखक-विचारवंत राल्फ वाल्डो एमर्सन आणि त्यांचे मित्र, म्हणजे ट्रान्सेन्डेंटलिस्ट मंडळी, आणखी पुढे गेली. युनिटेरियन पंडित धर्मश्रद्धेचा पुरावा बायबलमधल्या चमत्कारांत शोधत. हे म्हणत, पुरावा आपल्या अंतःकरणात आहे. तसं असेल तर ज्याचं अंतःकरण अजून जगाने मळवलेलं नाही ते मूल धर्मपंडितापेक्षा विश्वासार्ह साक्षीदार ठरतं! अल्कॉट यांनी हा निष्कर्ष शब्दशः घेतला आणि मुलांसमोर बायबल ठेवून विचारलं, तुम्हाला काय वाटतं? सनातनी तर दुखावलेच, उदारमतवादी पाद्रीही दुखावले.

७. मग जॉन लॉकचं काय? सुरुवातीला अल्कॉट 'कोऱ्या पाटी'वालेच होते असं वाचलं.

बरोबर वाचलंत. जन्मतः मन कोऱ्या पाटीसारखं असतं, तिच्यावर अनुभव लिहितो, असं इंग्रज तत्त्वज्ञ लॉक म्हणत. चेशायर आणि बॉस्टनच्या काळात ते अनुभववादाच्या बाजूला झुकलेले होते: परिस्थिती बदला, माणूस बदलेल. १८३१ ते १८३४ या फिलाडेल्फियाच्या वर्षांत हे पालटलं. जर्मनटाउनमधली शाळा एका क्वेकर हितचिंतकाच्या आधाराने सुरू झाली होती. तो वारला आणि शाळा डळमळली. हातात वेळ उरला तो ग्रंथालयात गेला.

तिथे तीन गोष्टी एकाच वेळी भेटल्या. प्लेटो: ज्ञान म्हणजे आत्म्याला झालेली आठवण. वर्ड्सवर्थ: मूल दुसऱ्या लोकातून तेजाचे ढग मागे ओढत येतं. आणि इंग्रज कवी-विचारवंत कोलरिज. त्यांच्या 'एड्स टू रिफ्लेक्शन'ची अमेरिकी आवृत्ती जेम्स मार्श यांनी १८२९ मध्ये व्हर्मॉन्टमधून काढली होती. तिच्यातून जर्मन विचार तरुण अमेरिकनांपर्यंत पोचला: इंद्रियांवर चालणारी बुद्धी वेगळी, आणि थेट सत्य पाहणारी प्रज्ञा वेगळी.

याच काळात घरात बाळं होती. १८३१ मध्ये अ‍ॅना झाली, १८३२ मध्ये वडिलांच्याच वाढदिवशी लुइसा. अल्कॉट पाळण्याशेजारी बसून रोजच्या नोंदी करत होते. पुस्तकांतला प्लेटो आणि पाळण्यातलं मूल, दोघं एकाच वेळी समोर असणं हे त्या वळणाचं खरं कारण आहे असं मला वाटतं. नुसत्या वाचनाने ते एवढे ठाम झाले नसते.

८. टेंपल स्कूलमध्ये प्रत्यक्ष काय चालायचं?

२२ सप्टेंबर १८३४ ला बॉस्टनच्या ट्रेमाँट स्ट्रीटवरच्या मेसॉनिक टेंपल इमारतीत शाळा उघडली. तीसेक मुलं, बहुतेक चांगल्या घरची. उंच गॉथिक खिडकी, चार कोपऱ्यांत चौथऱ्यांवर सॉक्रेटिस, शेक्सपिअर, मिल्टन आणि वॉल्टर स्कॉट यांचे अर्धपुतळे, शिक्षकाच्या मागे येशूचं उठावशिल्प. खोलीच बोलत होती: येशू आणि सॉक्रेटिस दोघेही संभाषणातून शिकवणारे गुरू, आणि आम्ही त्यांच्या वाटेने जाणार.

मुलं रोज डायरी लिहीत. शब्द शिकताना नुसती अक्षरं सांगून भागत नसे; त्या शब्दाचा स्वतःच्या मनाशी काय संबंध ते सांगावं लागे. मग खुर्च्या अर्धवर्तुळात यायच्या आणि संवाद सुरू व्हायचा. सहशिक्षिका एलिझाबेथ पीबॉडी लॅटिन वगैरे विषय शिकवायच्या आणि संवाद चालू असताना जवळजवळ शब्दशः टिपून घ्यायच्या. त्याचं पुस्तक, 'रेकॉर्ड ऑफ अ स्कूल', १८३५ मध्ये आलं. त्यांच्यानंतर मार्गारेट फुलर यांनी काही काळ तिथे शिकवलं. या दोघींच्या टिपणांशिवाय अल्कॉट आज आपल्याला फारसे कळलेच नसते. त्यांचं स्वतःचं लेखन धूसर आहे.

९. चूक मुलाची आणि छडी मास्तरांना, हे खरं की दंतकथा?

खरं आहे. पीबॉडींच्या पुस्तकात त्याचं वर्णन आहे. शारीरिक शिक्षा अल्कॉट यांनी अगदी बंद केली नव्हती, ती क्वचित उरली होती. एका दिवशी त्यांनी चुकलेल्या मुलांच्या हाती पट्टी दिली आणि स्वतःचा तळहात पुढे केला. मुलांनी हलकेच मारलं. ते म्हणाले, एवढ्याने काय होतं, जोरात मारा. मुलांना रडू कोसळलं. लुइसाने 'लिटल मेन'मध्ये हा प्रसंग शाळेचे प्रोफेसर भाएर आणि विद्यार्थी नॅट यांच्यावर घातला आहे.

यामागचं मूळ शाळेच्या पुस्तकांत सापडणार नाही, ते ख्रिस्ताच्या क्रुसात आहे: निर्दोषाने दोषीचं दुःख स्वतःवर घ्यायचं. कॅल्व्हिनपंथी घरातला हा मुलगा जुन्या धर्माशी भांडला, तरी त्या धर्माची सगळ्यात खोल प्रतिमा त्याच्या वर्गात राहिली. या उपायावर मी पूर्ण खूश नाही. लहान मुलावर अपराधाचं एवढं ओझं टाकणं छडीपेक्षा हलकं असतंच असं नाही.

१०. शाळा बंद का पडली? त्या पुस्तकामुळे, की कृष्णवर्णीय मुलीला घेतल्यामुळे?

दोन्ही, दोन टप्प्यांत. डिसेंबर १८३६ आणि फेब्रुवारी १८३७ मध्ये 'कॉन्व्हर्सेशन्स विथ चिल्ड्रेन ऑन द गॉस्पेल्स'चे दोन खंड आले. त्यात येशूच्या जन्माविषयी बोलताना मूल जगात येतं कसं यावरही मुलं बोलली होती, तीही सहा-सहा वर्षांची. काही भाग गाळा असं पीबॉडींनी आधीच पत्राने कळवलं होतं. वर्तमानपत्रं तुटून पडली. पुस्तक एक तृतीयांश निरर्थक, एक तृतीयांश धर्मद्रोही आणि एक तृतीयांश अश्लील आहे, हा शेरा हार्वर्डचे अँड्र्यूज नॉर्टन यांच्या नावावर आहे. एमर्सननी वर्तमानपत्रात पत्र लिहून बाजू घेतली, पण मुलं निघून गेली आणि वसंतात शाळेचं सामान व पुस्तकं लिलावात गेली.

त्यानंतर लहान प्रमाणावर शाळा चालू होती. १८३९ मध्ये अल्कॉट यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला. तिला काढा, असं उरलेले पालक म्हणाले. अल्कॉट यांनी नकार दिला आणि शाळा मिटली. डोक्यावर कर्ज असताना, घरात लहान मुली असताना त्यांनी हे केलं. त्यांच्या इतर पुष्कळ गोष्टींवर वाद होईल, यावर होऊ नये.

११. हे सगळं गीता-उपनिषदांतून आलं ना? 'ज्ञान आतच असतं' हे तर आपलंच.

साम्य आहे, पण कालक्रम जुळत नाही. त्यांचे शाळेचे प्रयोग १८२५ ते १८३९ मधले. ट्रान्सेन्डेंटलिस्टांच्या 'द डायल' या नियतकालिकात पौर्वात्य ग्रंथांतले उतारे छापायला १८४२ मध्ये सुरुवात झाली, आणि पहिला मान हितोपदेशाला मिळाला. चार्ल्स विल्किन्सची १७८५ ची इंग्रजी गीता अल्कॉट यांनी वाचली ती १८४६ मध्ये, एमर्सनच्या प्रतीतून. तोवर शाळा बंद होऊन सात वर्षं झाली होती. गीतेत त्यांना आपल्याच विचाराला दुजोरा मिळाला. मुळं आधीच धरली होती, ती क्वेकरांच्या, प्लेटोच्या आणि बन्यनच्या मातीत.

म्हातारपणी मात्र ओढ खरी होती. बुद्धचरित्रावरचं 'द लाइट ऑफ एशिया' हे काव्य १८७९ मध्ये इंग्लंडात आलं तेव्हा त्याची अमेरिकी आवृत्ती निघावी म्हणून अल्कॉट यांनी खटपट केली. कवी एडविन अर्नोल्ड हे त्याआधी पुण्याच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयाचे, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचे, प्राचार्य होते.

१२. आणि त्यांचा शाकाहार?

तोही भारतातून नाही. पायथागोरस, आहारसुधारक सिल्व्हेस्टर ग्रॅहम आणि चुलतभाऊ डॉ. विल्यम अल्कॉट यांच्याकडून. १८४३ च्या जूनपासून जेमतेम सात महिने चाललेल्या त्यांच्या फ्रूटलँड्स या वसाहतीत मांस, दूध, अंडी, चहा सगळंच वर्ज्य होतं. लोकर नको, ती मेंढीची. कापूस नको, तो गुलामांच्या श्रमाचा.

१३. स्वतःच्या मुलींवर प्रयोग केले, हे बरोबर होतं का?

मुलीच्या जन्मापासून तिचं हसणं, रडणं, हट्ट यांची एवढी बारीक नोंद त्या काळी फार थोड्यांनी केली. ते काम मोलाचं आहे. पण ते परीक्षाही घेत. परवानगीशिवाय घ्यायचं नाही असं बोलणं झाल्यावर सफरचंद खोलीत ठेवून निघून जात आणि परतल्यावर काय उरलं ते पाहत. सफरचंद संपलेलं असे. लुइसा आग्रही, तापट. तिला वडिलांच्या कसोट्यांचा ताण आयुष्यभर पुरला असं तिचं लेखन वाचताना जाणवतं. शिवाय वडिलांच्या तत्त्वांची किंमत आई आणि मुलींनी कष्ट करून भरली. हा हिशेब सोडून अल्कॉट यांचा गौरव करू नये.

१४. गोऱ्या कातडीविषयी त्यांची विचित्र मतं होती म्हणतात. मग प्रश्न १० मधला नकार कसा बसतो?

नीट बसत नाही. गोरा वर्ण आणि निळे डोळे अधिक आध्यात्मिक, सावळा वर्ण अधिक दांडगा, असं ते खरोखर मानत. सावळी लुइसा आणि तिची आईही त्यातून सुटल्या नाहीत. यालाही त्यांचं तत्त्वज्ञान जबाबदार आहे: शरीर ही आत्म्याची छाया मानली की छायेवरून आत्मा वाचायचा मोह होतो. त्याच वेळी ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते आणि वर्गातल्या मुलीसाठी त्यांनी शाळा सोडली. कृतीत ते आपल्या सिद्धान्तापेक्षा चांगले होते.

१५. मुलांना बोलतं करण्याच्या नावाखाली ते स्वतःचीच उत्तरं काढून घेत नव्हते का?

बऱ्याचदा, हो. छापलेले संवाद वाचले तर दिसतं की हवं ते उत्तर आलं की ते पुढे नेतात, नको ते आलं की प्रश्न फिरवतात. कोणाच्या मते अमुक आहे, हात वर करा, असंही मध्येच होतं. मूल सत्य जाणतं हे आधीच ठरलं असेल आणि सत्य काय तेही शिक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर दुसरं होणार तरी काय? प्लेटोच्या सॉक्रेटिसवरही हाच आक्षेप घेतात. मुलांना सतत स्वतःच्या मनात डोकावायला लावणं पीबॉडींनाही खटकत होतं. तरी एक लक्षात ठेवावं: मुलांची न पटणारी उत्तरंसुद्धा अल्कॉट यांनी छापली. म्हणूनच हा आक्षेप आज आपल्याला घेता येतो.

१६. महाराष्ट्रात हे विचार कधी पोचले?

थेट नाहीत, आणि त्याचं कारण रंजक आहे. न्यू इंग्लंडमधून मुंबई-अहमदनगरला जे शिक्षण आलं ते बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेकडून, म्हणजे अल्कॉट ज्यांच्याशी भांडत होते त्या सनातनी बाजूकडून. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले. न्यू हॅम्पशायरच्या सिंथिया फरार यांनी आधी मुंबईत आणि मग अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी अहमदनगरच्या शाळा पाहिल्या होत्या. मूल पापी जन्मतं असं मानणाऱ्या पंथानेच इथे मुलींसाठी शाळेचं दार उघडलं. शिक्षणविचाराची वंशावळ काढताना हे विसरता येत नाही.

ताराबाई मोडकांच्या बालवाडीचं नातं माँटेसोरी आणि गिजुभाई बधेका यांच्याशी आहे, अल्कॉट यांच्याशी जोडू नये.

१७. एमर्सन आणि थोरो यांचे शिक्षणविचार तेच का?

मुळं एकच, वाढ वेगळी. थोरो १८३७ मध्ये काँकॉर्डच्या शाळेत लागले आणि मुलांना मारण्याच्या सक्तीवरून दोनेक आठवड्यांतच नोकरी सोडून मोकळे झाले. पुढे भावाबरोबर शाळा चालवली, तिथे मुलांना रानात नेत. त्यांचा भर बाहेरच्या सृष्टीवर, अल्कॉट यांचा आतल्या. एमर्सन यांनी शिक्षणावर भाषणं दिली; रोजचा वर्ग मात्र त्यांनी तरुणपणीच सोडला होता.

१८. मग अमेरिकेच्या सरकारी शाळांवर अल्कॉट यांचा ठसा आहे का?

फारसा नाही. तो रस्ता होरेस मान यांनी आखला. ते १८३७ पासून मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव होते आणि १८४३ मध्ये प्रशियाच्या शाळा पाहून आले: प्रशिक्षित शिक्षक, इयत्ता, तपासणी. अल्कॉट यांना १८५९ मध्ये काँकॉर्डच्या शाळांचं अधीक्षकपद मिळालं. वर्षाला शंभर डॉलर पगार. ते एकेका वर्गात जाऊन बसत, मुलांशी बोलत. १८६५ पर्यंत हे चाललं.

परदेशात मात्र त्यांच्या नावाची शाळा निघाली. स्वित्झर्लंडमधल्या यव्हर्डनला पेस्टालोझींबरोबर काम केलेले जेम्स पियरपाँट ग्रीव्ह्ज यांनी १८३८ मध्ये लंडनजवळच्या हॅमला 'अल्कॉट हाउस' सुरू केलं. १८४२ मध्ये अल्कॉट तिथे पोचले, एमर्सनच्या पैशाने, पण त्याच वर्षी ग्रीव्ह्ज वारले होते. दोघांची भेट झाली नाही.

१९. काँकॉर्ड स्कूल ऑफ फिलॉसॉफी ही मुलांची शाळा होती का?

नाही, प्रौढांचं उन्हाळी व्याख्यानसत्र. १८७९ ते १८८८. तिथे प्लेटोची बाजू अल्कॉट मांडत आणि जर्मन तत्त्वज्ञ हेगेलची सेंट लुइसचे विल्यम टॉरी हॅरिस. हॅरिस यांच्या मते मूल आपोआप माणूस होत नाही, कुटुंब, शाळा, राज्य या संस्था त्याला घडवतात. दोघांचं आयुष्यभर सख्य होतं. १८८२ मध्ये अल्कॉट यांना पक्षाघात झाला. ४ मार्च १८८८ ला ते वारले आणि त्यांच्यामागोमाग दोनच दिवसांनी लुइसा गेली. पुढच्या वर्षी देशाचे शिक्षण आयुक्त झाले ते हॅरिस, आणि त्या पदावर ते १९०६ पर्यंत राहिले.